टोपी नव्हती, रुमाल होता

दार लागल्याचा आवाज कामशातला आलाच नाही. कानांत दडे बसल्यासारखं झालं, तेवढंच. फिरत्या चौथऱ्यावर ठेवलेला वायरलेस संच ती गुडघ्यांवर बसून सरळ करत होती. वळून पाहिलं, तर दारापाशी नेहमी दिसणारी उजेडाची फट दिसेना.

"आगाय," ती म्हणाली, "दार."

ओरिनबासार आगाय म्हणजे तिचे साहेब. साठी उलटली होती, पण कोपऱ्यातल्या अँटेनाच्या खांबाशी अजून जमिनीवर आडवे होऊन काम करायचे. "वारा असेल," ते न बघताच म्हणाले. ते दार वाऱ्यानं लागणारं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. ते उठून दारापर्यंत गेले, खांद्यानं रेटा दिला, आणि तेवढ्यात दिवेही गेले.

"हा आपला रखवालदार तुर्सिनबेक," अंधारात आगाय म्हणाले. "नौरोजच्या सणाची पाच दिवस सुट्टी लागली ना. मेन स्विच पाडून गेला उंटावरचा शहाणा!"

कामशातनं मोबाइलचा उजेड केला. भिंतींवरचे स्पंजचे काळे सुळे चारी बाजूंनी अंगावर आल्यासारखे दिसले. या खोलीला प्रयोगशाळेत सगळे बहिरी खोली म्हणत. कुठलंही नवं यंत्र इथं आणून तपासायचं, ते स्वतः किती लहरी सोडतं आणि शेजाऱ्यांच्या कामात किती लुडबूड करतं ते मोजायचं. त्यासाठी खोलीत बाहेरची एकही लहर येता कामा नये आणि आतली बाहेर जाता कामा नये. म्हणून सहाही बाजूंनी पोलाद, दाराच्या कडेनं काशाच्या पट्ट्यांची दाट झालर. अल्माटीत अशी दुसरी खोली नाही, असं आगाय पाहुण्यांना सांगत, आणि सांगताना त्यांची छाती फुगायची.

फक्त दाराची आतली मूठ जानेवारीत तुटली होती. नवी मागवली होती, ती येतेय येतेय म्हणत अजून वाटेतच होती. तोवर आगायनी नियम केला होता आणि तांबड्या रंगानं दाराबाहेर भिंतीवर लिहूनही ठेवला होता: बाहेरच्या मुठीला टोपी असेल तर आत माणूस आहे, दार लावू नये.

"तुमची टोपी कुठंय?" कामशातनं विचारलं.

आगायनी डोक्याला हात लावला. टोपी डोक्यावरच होती. "तुझा रुमाल लावलेला होता की मुठीला! एकाची खूण पुरे, म्हणून मी नाही लावली."

"मग त्यानं दार कसं लावलं?"

 आगायनी दारावर मुठी मारल्या. स्पंजानं तो आवाजही गिळला. कामशातनं मोबाइलवरून फोन लावून पाहिला. लागणार नाही हे माहीत असून लावला. या खोलीतली शेवटची गळती बंद करायला दोघांनी सगळा हिवाळा घालवला होता. आपल्याच हातांनी मढवलेली ही पेटी, आणि आता आपणच तिच्यात.

"सुट्टी संपल्यावर उघडतीलच," आगाय म्हणाले. आवाजात जरा जास्तच धीर होता. "माझ्या थर्मासात चहा आहे. खिशात दोन बाउरसाक आहेत, बायकोनं सकाळीच तळलेत. माझी बायको तर म्हणेल, बरं झालं, सणाला तरी घरात शांतता."

"आगाय, माझी पोरगी अंगावर पिते."

खिशाकडं गेलेला आगायचा हात तिथंच थांबला.

कामशातची इनकार आठ महिन्यांची होती. सकाळीच घरात तिच्यावरून वाजलं होतं. सासूनं मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा तुकडा दोऱ्याला बांधून पोरीच्या तोंडात दिला होता चोखायला. कामशातनं तो काढून टाकला. सासू, बिबिगुल आपा, तव्यावरच्या पाण्यासारखी तडतडली. "माझ्या चार पोरांनी चोखलाय. चौघंही घोड्यासारखी आहेत. तुझी पुस्तकं मोठी की माझी पोरं?" नवरा दुलात तेलाच्या खाणीवर, महिना महिना तिकडेच. मधे पडायला घरात कुणी नव्हतं. शब्दानं शब्द वाढला. शेवटी कामशात म्हणाली, "जाते मी माझ्या आईकडं टाल्डिकोर्गानला, संध्याकाळच्याच बसनं!" सासूनं दाराआडच्या खुंटीवरचा पांढरा रुमाल दाखवला. "जा की. डोक्याला रुमाल बांधून जा म्हणजे झालं, सुनेसारखी दिसशील तरी. पण पोरगी कुठं जायची नाही. पोरगी या घराची."

रस्त्याच्या वळणापर्यंत तिनं तो पांढरा रुमाल बांधला, पुढं गेल्यावर काढला. आणि दुपारी बहिऱ्या खोलीच्या मुठीला अडकवला.

आता संध्याकाळी ती घरी पोचणार नव्हती. सासू म्हणणार, गेली आईकडं, पोटची पोर टाकून गेली. आई म्हणणार, सणाचं सासरी काम असेल. दुलात फोन लावील, तर तो लागणार नाही. आणि कुणी प्रयोगशाळेत चौकशी केलीच, तर तुर्सिनबेक दार दाखवील. सणाच्या आधी तो प्रत्येक दाराला आडवा दोरा लावायचा, त्यावर मऊ मातीसारख्या प्लॅस्टिसिनचा गोळा दाबायचा आणि पितळी शिक्का उठवायचा. शिक्का शाबूत म्हणजे आत कुणी नाही. तो तोडायचा अधिकार तिघांच्या समितीला, आणि समिती सुट्टीवर. सुट्टी संपून दार उघडेपर्यंत ती सगळ्यांच्या लेखी पोर टाकून गेलेली बाई होणार होती. सासरच्या माणसांनी एकदा 'टाकून गेली' म्हटलं की पोर परत मागायला तोंड राहत नाही.  ती भिंतीशी बसली आणि रडली. आगायनी मोबाइलचा उजेड दुसरीकडं वळवला.

"हवा येतेय," थोड्या वेळानं ते म्हणाले. "गुदमरणार नाही आपण. झरोका आहे."

झरोका. दोघांच्याही मनात एकदमच आलं असावं.

भिंतीच्या तळाशी, सुळ्यांच्या मागं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोलादी जाळी होती. तिची भोकं बारीक आणि लांबट. हवा पलीकडं जाते, लहर आतल्या आत मरते. मात्र एका भोकातून साधी तार जरी ओवली, तरी लहर त्या तारेवर स्वार होऊन सरळ बाहेर पडते. मागच्या महिन्यात मोजमापं बिघडली तेव्हा दोघं गळती शोधून थकले होते. ती सापडली तुर्सिनबेकच्या तक्रारीमुळं. त्याची पहाऱ्याची चौकी झरोक्याच्या पलीकडच्याच बोळात, सुट्टीतही चालू, वीजही वेगळी. तो येऊन म्हणाला, "आगाय, तुमचं यंत्र चालू झालं की माझा टीव्ही डांसासारखा गुणगुणतो." शोधलं, तर झरोक्यातून एक तांब्याची तार बाहेर गेलेली. तापमान मोजायला म्हणून कामशातनंच ती ओवली होती आणि विसरली होती. सगळ्यांसमोर आगायनी तिला झाडलं होतं. "चाळणीत पाणी भरायला ठेवलंय का मी तुला? असली माणसं दूध विकायला बसवावीत!" ते शब्द अजून तिला लागत होते.

"ती तार कुठंय?" तिनं विचारलं.

आगायनी ॲप्रनच्या खिशात हात घातला. गुंडाळी निघाली. "नव्या पोरांना दाखवायला जवळ ठेवलीय," ते ओशाळून म्हणाले. "असं करू नये म्हणून."

"द्या इकडं."

"झरोक्यापुढचे सुळे उपटावे लागतील. मी चिकटवलेत ते. परदेशातून यायला वर्ष लागलं होतं." ते सुळ्यांकडं पाहत राहिले. मग स्वतःच खाली बसले. "चल, तू उजेड धर."

पहिला सुळा निघताना त्यांच्या तोंडून कळ आल्यासारखा आवाज आला. चौथ्यानंतर मात्र ते शिव्या देत सपासप उपटू लागले. शिव्या तुर्सिनबेकला, मुठीच्या कारखान्याला, शेवटी स्वतःला. तार जाळीतून पलीकडं ढकलली. अलीकडचं टोक कामशातनं संचाच्या अँटेनाच्या जागी घट्ट बसवलं. डोंगरात बर्फाखाली सापडलेल्यांना शोधणाऱ्या पथकासाठी तो संच बनवला होता. अजून तपासणीतला, त्यामुळं त्याच्या लहरींच्या पट्टीवर जगात कुणीच कान देऊन बसलेलं नव्हतं. बोलून उपयोग नव्हता. पण बटण दाबलं की टीव्ही गुणगुणेल, सोडलं की थांबेल. आयुष्यभर दोघांनी जो त्रास निपटून काढला, तोच आता मुद्दाम द्यायचा होता.

"मी सैन्यात होतो," म्हणत आगायनी संच घेतला. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. संकटाची खूण. थांबून पुन्हा तेच. अंगठा भरून आला तरी तेच. बॅटरीच्या खुणा एकेक कमी होत गेल्या.

"त्याला ही खूण कळते का?" कामशातनं विचारलं.

"तुर्सिनबेकला?" आगाय थांबले. "त्याला स्वतःच्या बायकोची खूण कळत नाही. तो टीव्हीला चापट्या मारत असेल."

बॅटरीची शेवटची खूण राहिली. कामशातच्या छातीत कळा येत होत्या. सदरा पुढून ओला झाला होता. म्हणजे इनकारची प्यायची वेळ. घरी ती आत्ता तोंड फिरवून दार शोधत असेल. कामशातनं आगायच्या हातातून संच काढून घेतला आणि मांडीवर धरला. अंगठा बटणावर गेला, आणि तिच्या मनात नसताना आपला आपणच हलू लागला: दोन सावकाश, तीन भराभर, मग एक श्वास थांबून पुन्हा. बाळंतपणाच्या चाळीस दिवसांत बिबिगुल आपांनी तिचा हात हातात धरून शिकवलं होतं. "अशी थोपटायची. आमच्या घरातली पोरं याच थापेवर झोपतात." तिला तेव्हा राग आला होता. पण पोर दुसऱ्या कशानं झोपतच नसे, म्हणून तीही तशीच थोपटायची.

"हे काय पाठवतेस?" आगाय म्हणाले. "याला काही अर्थ आहे का?"

"नाही," ती म्हणाली आणि थोपटत राहिली. संचावरचा दिवा मंद होत विझला, तरी अंगठा चालूच होता.

मग कानांतले दडे सुटले.

दारात उजेड आला. उजेडात आधी बिबिगुल आपा, काखेत किंचाळणारी इनकार, आणि मागं दोन्ही हातांनी डोकं धरलेला तुर्सिनबेक. "शिक्का तोडला हो आगाय! मी नको नको म्हणतोय, आणि आपांनी सरळ अंगठा घातला! आता समितीला काय सांगू?"

"समितीला माझ्याकडं पाठव," आपा म्हणाल्या. अंगठ्याला प्लॅस्टिसिन चिकटलं होतं. "मी चहा पाजते त्यांना."

कामशातनं पोरीला ओढून घेतलं. तोंडाशी दोऱ्याला बांधलेला चरबीचा तुकडा होताच. तिनं तो काढला आणि तिथंच, सगळ्यांकडं पाठ करून, पोरीला छातीशी लावलं. किंचाळणं थांबलं.

आगाय मात्र तुर्सिनबेकवर धावून गेले. "भिंतीवर काय लिहिलंय? मुठीला खूण होती ना?"

"टोपी नव्हती, रुमाल होता!" तुर्सिनबेक म्हणाला. "टोपी असती तर मी हात लावला असता का? हाक मारली, कुणी ओ दिली नाही. म्हटलं, बाई रुमाल विसरून गेली, पाच दिवस तिथं लटकत कशाला ठेवा, म्हणून चौकीत नेऊन ठेवला. आणि दार उघडं राहिलं तर धूळ बसते म्हणून तुम्हीच ओरडता!"

 बायका टोपी घालत नाहीत, हे नियम लिहिताना आगायना सुचलंच नव्हतं.

"आपा, तुम्ही इथं कशा?" कामशातनं पाठ न वळवता विचारलं.

 "पोरगी राहीना," आपा म्हणाल्या. "बाटली घेईना, चरबी घेईना. म्हटलं, तू बस पकडण्याआधी तुझ्याच ओटीत घालावी. मग ने तुला न्यायची तिकडं. इथं आले तर हा तुझा रुमाल दाखवतो. मला वाटलं, टाकून गेलीस. रुमालही आणि पोरीलाही." आपांनी पोरीचा उघडा पडलेला पाय झाकला. "त्याच्या चौकीत बसून मी तुला नाही नाही ते बोलले. सगळं बोलले. आणि त्याचा टीव्ही थोपटायला लागला."

"मी म्हटलं, तार राहिली असेल," तुर्सिनबेक मधेच म्हणाला. "तर या म्हणतात, तार असं थोपटत नाही, आमच्या घरातलं कुणीतरी थोपटतंय."

कामशात रडू लागली. या वेळी कुणी उजेड दुसरीकडं वळवला नाही. आपा जवळ आल्या. त्यांच्या हातात तो पांढरा रुमाल होता. कामशातनं सवयीनं डोकं खाली केलं.

तेवढ्यात आगाय पुन्हा आत वळले. "तार काढून घेतो," ते पुटपुटले. "सुळेही गोळा करतो. असं टाकून जाववत नाही मला."

आपांनी त्यांच्या पाठीकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या तांबड्या अक्षरांकडं, मग सुनेच्या वाकलेल्या मानेकडं. रुमाल त्यांनी तिच्या डोक्याला बांधला नाही. दाराच्या मुठीला बांधला, दोन गाठी मारून, आणि तुर्सिनबेकला म्हणाल्या, "ही टोपी आहे. दिसतेय का आता?"

"दिसतेय, आपा," तुर्सिनबेक म्हणाला.