रत्नदीप कुठं गेलता?

माह्या बायकोनं कादंबरी लिवली अन् गावातले सारे मानसं एकाएकी साधुसंत झाले. किराणा दुकानवाला प्रफुल, जो तिच्याशी कधी धड बोले नाई, तो 'या ताई, बसा ताई' कराले लागला. एक दिवस मले बाजूले घेऊन हळूच इचारलं, भाऊ, मी हाय का त्यात? मी म्हनलं, हाय, पन तू त्यात चांगला मानूस हाय. तं त्याचं तोंडच उतरलं. मानसाची जात मोठी अजब बावा. बदनामी नको, पन कोनी साधाभोळा म्हनलं तं थेबी खपत नाई.

आता खरं सांगतो, साऱ्यात जास्त भेव मलेच होतं.

मी लहानू. गिरडच्या टेकडीपासून चार-पाच किलोमीटरवर आमचं वावर हाय. वांगे, भेदरं म्हंजे टमाटे, सांबार म्हंजे कोथिंबीर लावतो अन् हिंगणघाटच्या बाजारात नेतो. मी सातवी शिकलो, माही बायको उज्वला बारावी. लग्नाले तीस वर्षं झाले. पोरगी काजल वर्ध्याले शाळेत शिकवते. उज्वला चार वर्षं रोज दुपारी वही घेऊन बसे, मले वाटे भजनं उतरवत असन. बारा वह्या भरल्या तवा समजलं का बाई कादंबरी लिवून राह्यली. काजलनं थे सारं मोबाइलवर टाइप केलं अन् नागपूरच्या एका प्रकाशकाले धाडलं. त्यायले आवडलं. मंग मीबी वह्या वावरात नेऊन वाचाले लागलो. दुपारी लाइन नसली का मोटर बंद, दुसरं काम काय हाय?

मले वाटलं होतं, बाई लिवते म्हंजे मानूस एक तं राम असन, नाई तं रावन. टीवीवर तं असंच दाखवते. पन हिनं माह्या बापाले, अण्णाजीले, असं लिवलं का बुढा पुन्हा खाटेवर येऊन बसला. माहा बाप जन्मात कोनाले गोड शब्द बोलला नाई. सुनेले तं नाईच. पन हिनं लिवलं का ती वावरातून यायच्या आंधी तो बुढा रोज रांजन भरून ठेवे, अन् ती आली का वरून खेकसे, आज पानी कोन भरून गेलं, घरात कोनाचं ध्यान हाय का नाई! तिले माहीत होतं. त्याले माहीत होतं का तिले माहीत हाय. दोघंबी बोलले नाई कधी. मी त्याचा सख्खा पोरगा, त्याच घरात वाढलो, मले हे कधी दिसलं नाई. थे पान वाचून मी वावराच्या धुऱ्यावर बसून ढसाढसा रडलो. भल्ली बाई हाय ही, आपल्या घरात राहून हिनं काय काय पाह्यलं, असं वाटलं अन् छाती भरून आली.

अन् कादंबरीतला मुख्य मानूस कोन? रत्नदीप नावाचा वांगेवाला. राग निरा नाकावर, मिशीले सदा हात, पन बैलाशी बोलतानी आवाज मऊ. गावातला आंधळाबी ओळखन का हा लहानू होय.

नवव्या वहीत ताट आलं. मी वाटच पाहून राह्यलो होतो त्याची.

बावीस वर्षांपह्यलची गोष्ट. भर दुपारी मी जेवाले बसलो, भाजीत मीठ नव्हतं, मी ताट उचलून भितीवर फेकलं अन् घराबाहेर निंगून गेलो. काजल सहा वर्षांची होती, खाटेखाली जाऊन लपली. हे सारं हिनं जसंच्या तसं लिवलं. रत्नदीप ताट फेकून जाते. मंग सहा पानं त्याची बायको भित धुते. वरनाचा पिवळा डाग जाता जात नाई. पोरगी खाटेखालून बाहेर येत नाई. सातव्या पानावर सांज होते, रत्नदीप घरी येते, थेच अळनी जेवन मुकाट्यानं जेवते, अन् त्या दिवसापासून मिठाची बरनी स्वतःच्या हातानं पाटाजवळ आनून ठेवते. बस. काऊन बदलला, काय झालं, एक अक्षर नाई.

मले भल्ला राग आला. भितीले सहा पानं अन् मले दोन ओळी! घरी येऊन वही तिच्यापुढं टाकली. म्हनलं, हा रत्नदीप सहा पानं कुठं गेलता?

ती भाकर थापत होती. हात न थांबवता म्हने, "मले काय मालूम? तुमी कधी सांगतलं का?"

अन् नेमकं हेच नागपूरहून आलं. तिथली एक बाई पुस्तकं तपासते, तिनं फोन केला. म्हने, ताई, कादंबरी लय ताकदीची हाय, पन नववं प्रकरण लंगडं हाय. मानूस जाते एक अन् येते दुसरा, वाचनाऱ्यानं भरोसा कसा ठेवाचा? एक तं त्याले पुरा वाईटच राहू द्या, नाई तं ताटाचा प्रसंगच काढून टाका.

उज्वला दोन्हीले नाई म्हनली. तो वाईट नाई, म्हने, अन् ताट फेकलं नाई असंबी नाई. तिनं थे प्रकरण पाच-सहा वेळा लिवून पाह्यलं. एकदा रत्नदीपले देवळात नेलं, एकदा दारूच्या गुत्त्यावर, एकदा मोठ्या बहिनीकडं. काजल म्हने, आई, कल्पना कर, कादंबरीच तं हाय. तिनं सारे कागद चुलीत घातले. म्हने, बाकीचं मी डोयानं पाह्यलं, म्हनून खरं झालं. बाईले घरातलं सारं दिसते. मानूस दारातून बाहेर पडला का पुढचं दिसत नाई. हे खोटं लिवलं तं अण्णाजीबी खोटे होतीन. मंग तिनं बाराही वह्या लोखंडी पेटीत ठेवल्या अन् सांगतलं का सोमवारी नागपूरले कळवून टाकते, छापू नका.

चार वर्षांची मेहनत, अन् त्या सहा पानांची चाबी माह्या खिशात. प्रफुलले सांगतलं तं तो म्हने, भाऊ, बरंच झालं, तुह्यं ताट आयतंच झाकलं जाते. गोष्ट खरी होती. पन मले ताटाचं भेव नव्हतंच. बायकोपुढं ताट फेकलं म्हनून गावात कोन्या मानसाची इज्जत गेली आजलोक? मी त्याच्या पुढचं झाकून राह्यलो होतो. अन् थे झाकलं राह्यलं तं माह्या बापानं भरलेला रांजनबी पेटीतच राह्यला असता.

रविवारी सकाळी आमी दोघं वांगे तोडून राह्यलो होतो, ती एका ओळीत, मी बाजूच्या. काजल आलती, ती घरी सैपाकाले थांबली होती. मी वांग्याच्या झाडाकडं पाहात सांगाले सुरवात केली. तिच्याकडं पाहाची हिंमत नव्हती.

त्या दिवशी सकाळीच मोटर जळलती. रोपं माना टाकून होते. मिठाचं निस्तं निमित्त. ताट फेकून मी सायकल काढली अन् वाट फुटन तिकडं निंगालो, गिरडच्या टेकडीखाली पोचलो. तिथं दर्ग्यावर नवस फेडाले एक कुटुंब आलतं, चिंचेखाली सैपाक करून पंगत बसली होती. त्यातली बुढी म्हने, बाबू, एवढ्या उन्हाचा कुठं जातं, दोन घास खाऊन जा. मी बसलो. आलू-वांग्याच्या भाजीचा पह्यला घास घेतला, तं मीठ नाई.

उज्वलाचा हात थांबला, हे मले न पाहताच समजलं.

मी म्हनलं, "मी सारी खाल्ली. अन् त्या बुढीले म्हनलं, मावशी, भाजी मस्त झाली."

मंग पुढचं सांगतलं. त्या घरचा कर्ता मानूस मागून जेवाले बसला. त्यानं घास घेतला अन् हासला. बायकोले म्हने, आज मीठ विसरलो वं आपन. 'विसरली' नाई म्हनला, 'विसरलो' म्हनला. स्वतः उठला, बाजूच्या दुकानातून पुडी आनली अन् साऱ्या पंगतीत फिरला. मले मीठ वाढलं तवा माह्या ताटात भाजी उरलीच नव्हती. माह्या घरी भितीवरून वरन ओघळत असन, अन् मी इथं परक्याच्या अळनी भाजीची तारीफ करून बसलो. सांज होईलोक मी त्या चिंचेखाली बसून होतो. एवढी लाज मले जन्मात कधी वाटली नाई. घरी आल्यावर सांगाचं होतं, पन जीभ उचलली नाई.

ती पुन्हा तोडाले लागली. अर्ध्या ओळीलोक तोडत गेली, टोपलं खाली ठेवलं अन् मंग म्हनली, "परक्या बाईले मस्त झाली म्हनलं तुमी. मले तीस वर्षांत एकदाबी नाई म्हनलं."

मले वाटलं, गेलं सारं, आता पेटी उघडत नाई ही. तिनं पदरानं डोये पुसले, नाक पुसलं, अन् उलट इचारलं का त्या मानसानं मीठ पह्यले कोनाले वाढलं.

"त्याच्या बायकोले," मी म्हनलं.

ती तशीच वळली. अर्धी ओळ बाकी ठेवून घराकडं निंगाली. तीस वर्षांत तिनं तोडा अर्धवट टाकलेला मी पह्यल्यांदा पाह्यला.

दुपारी ती लिवत बसली. काजलनं सैपाक केला, आमाले वाढलं. उज्वला एका हातानं जेवली अन् दुसऱ्या हातात पेन. चार वाजता वही माह्यापुढं ठेवली, उद्या हेच नागपूरले धाडाचं म्हने, अन् आंगनात जाऊन बसली.

मी वाचलं. चिंच होती, बुढी होती, मिठाची पुडी होती. मी जे सांगतलं नव्हतं थेबी होतं. ताटात भाजी नसतानी वाढलेलं मीठ रत्नदीपनं बोटानं टिपून टिपून खाल्लं, असं तिनं लिवलं. मी खरंच खाल्लं होतं थे. मी तिले सांगतलं नव्हतं, देवाशपथ. कशी पोचली ही बाई तिथलोक? एवढं तं माह्या मायनंबी मले ओळखलं नसन.

पन शेवटी रत्नदीप घरी येते, बायकोपुढं बसते अन् त्याच सांजच्याले तिले सारं सांगून टाकते.

मी वही घेऊन आंगनात गेलो. म्हनलं, लपवाचं आता काय राह्यलं, रत्नदीप कायले, माह्यंच नाव टाक. लोकायले समजू दे.

ती म्हने, "नाई जी. रत्नदीप तुमच्याहून बरा मानूस हाय. त्यानं त्याच सांजच्याले सांगतलं. तुमाले बावीस वर्षं लागले."

मी तिथंच पायरीवर बसलो. खोटं काय होतं त्यात? मंग मी सारी हिंमत गोळा केली अन् तिले म्हनलं, "उज्वला, आजची भाजी मस्त झालती."

"आज भाजी काजलनं केलती," ती म्हने.

आतून काजल खो खो हासली. उज्वलाबी हासली मंग, अन् सांजच्याले चुलीवर भाजी तिनं टाकली.