धुळाची भिंत

"आला का वर?" मुक्ताबाईंनी चुलीपासूनच विचारलं.

लालसाब रंगारी आत आला. चुन्याची बादली खाली ठेवून तो भिंतीकडे बघत राहिला. काल संध्याकाळी ही भिंत तो पांढरीशुभ्र करून गेला होता. आता तिच्या मधोमध, खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, भाकरीएवढा पिवळट काळा डाग होता. काल सकाळीही होता, परवाही होता. चुन्याचे तीन हात पचवून तो पठ्ठ्या पुन्हा आपल्या जागेवर हजर.

"आला," शेवटी तो म्हणाला.

"मी म्हनलं न्हवतं?" आतून आवाज आला. त्या आवाजात चक्क समाधान होतं, आणि भर उजेडात लालसाबच्या अंगावर काटा आला.

चाळीस वर्षं तो सोलापुरातल्या भिंतींना चुना लावत होता. त्याच्या हिशेबी घर रंगवून घेणारे दोन जातीचे असत. सणाला रंगवून घेणारे चहा पाजत, चुका काढत, नीळ जास्त पडली म्हणून भांडत. विकायला काढलेल्या घरातली माणसं मात्र काही बोलत नसत. उन्हात ठेवलेल्या पेटीवर बसून ती नुसती बघत राहत, आणि लालसाबचा कुंचा जिथे जिथे फिरे तिथे तिथे त्यांची मान फिरे. अशा घरात काम करताना आपण दुसऱ्याच्या ताटातलं उचलतोय, असं त्याला नेहमी वाटे. तरी तो काम घेई, कारण पोट कुणाला सुटलंय?

हे काम त्याला रुद्रप्पाने दिलं होतं. रुद्रप्पा म्हणजे नवी पेठेतला घरांचा दलाल, डोक्यावर काळी टोपी, बुडाखाली जुनी सायकल आणि तोंडात सदा पान. घर दाखवायचं त्याचं एक शास्त्रच होतं. गिऱ्हाईक येण्याआधी तो तसबिरी उतरवून घेई, खिळे उपटवी, कॅलेंडर काढी, दाराला तोरण बांधी, माठ भरून ठेवी. "आत पाऊल टाकलं की मानसाला सोताचा संसार दिसला पायजे," तो सांगे. "हितं आदी कोन ऱ्हात हुतं त्येचा वास बी येता कामा नये." बाकी घर त्याच्या शास्त्राप्रमाणे तयार होतं. दोन खोल्या, वर माळवद, मागे मोरी. डाग तेवढा ऐकत नव्हता.

डाग धुळाचा होता. धुळा हा मुक्ताबाईंचा धाकटा मुलगा. चौथ्या वर्षी तापात त्याचे पाय गेले, आणि पुढची सव्वीस वर्षं तो त्या भिंतीला टेकून, पाय पसरून बसला. तिथे बसून त्याने पाढे म्हटले, गिरणीचे भोंगे मोजले, शेजारच्या गोजरबाईच्या रेडिओवरची गाणी ऐकली. मुक्ताबाई रोज सकाळी त्याच्या डोक्यावर करडईचं तेल थापत. ते तेल सव्वीस वर्षं भिंतीत मुरलं. गेल्या श्रावणात धुळा गेला.

तो गेला असं म्हणायचं खरं, पण मुक्ताबाई अजून त्या खोलीतून सरळ चालत नसत. दारातून चुलीकडे जाताना त्या मधेच वळसा घेत, कुणाचे तरी पसरलेले पाय चुकवावेत तसा. पहिल्या दिवशी लालसाबला त्याची गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी शिडी उचलून नेताना तो स्वतःच तसा वळला. लक्षात आलं तेव्हा त्याने शिडी तिथेच टेकवली आणि अंगणात जाऊन बिडी पेटवली.

नऊच्या सुमाराला रुद्रप्पाची सायकल दारात थांबली. डाग बघून त्याने पान थुंकलं.

"अय्यो, लालसाब! चुना लावतोस का ताक? उद्या धा वाजता महिपती येनार, बायकोला घेऊन. यस्टी डेपोतला मानूस, सरळ हाय. ह्यो बी गेला तर मी कुटं त्वांड दाखवू?"

"तेल हाय आत मुरल्यालं," लालसाब म्हणाला.

"तेल न्हाय, दुसरंच कायतरी हाय." रुद्रप्पाने आवाज उतरवला. "ती गोजरबाई गल्लीभर सांगत सुटलीया, धुळा घर सोडंना म्हून. आदीची दोन गिऱ्हाइकं त्यानंच पळाली. तिकडं हिंदुरावनं नातेपुत्यात घराचा पाया खनून ठिवलाय, हे घर गेल्याबिगर त्येचं काम पुढं सरकंना. म्हातारीला घिऊन जायाचंय त्येला. उद्याच्याला डाग दिसला, तर माजी दलाली बी गेली आन तुजं काम बी."

हिंदुराव हा थोरला मुलगा. तोही काही वाईट नव्हता. दर महिन्याला येऊन आईला "चल" म्हणायचा, आणि आई दर महिन्याला "यिते की" म्हणायची.

लालसाबने त्या दिवशी हयगय केली नाही. पत्र्याने डाग खरवडला, सोड्याचं पाणी मारलं, वाळू दिलं, डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात ओढले. दुपारी भिंत अशी झाली की बघत राहावं. मग तो जेवायला घरी निघाला. कोपऱ्यावर गेल्यावर त्याला आठवलं, कुंचा तसाच बादलीत राहिला. चुन्यात राहिलेला कुंचा म्हणजे मेलेला कुंचा. तो माघारी फिरला.

दार लोटलेलं होतं. त्याने ढकललं आणि तो उंबऱ्यातच थबकला.

मुक्ताबाई भिंतीपुढे मांडी घालून बसल्या होत्या. शेजारी तेलाची वाटी होती. डाव्या हाताने त्यांनी भिंतीला आधार दिला होता आणि उजव्या हाताच्या तळव्याने त्या ओल्या चुन्यावर तेल थापत होत्या, हलक्या हाताने, गोल गोल. हाताला लागलेला चुना पदराला पुसायचा, पुन्हा तळव्यावर तेल घ्यायचं. तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू होतं.

भुताला तो भ्याला नसता इतका लालसाब त्या क्षणी भ्याला. मग त्याला राग आला. चार दिवसांची मेहनत, रुद्रप्पाच्या शिव्या. पण तो राग ओठांवर येईपर्यंत टिकला नाही.

"आक्का," तो म्हणाला. "चुन्यानं हात फुटतील."

त्या दचकल्या नाहीत. हातही थांबला नाही.

"रोज हेच करता व्हय?"

"तुमी गेल्यावर. वाईच."

"घर इकायचं न्हाय का तुमाला?"

"इकायचं हाय की. हिंदुराव बी माजाच हाय, त्येची लेकरंबाळं हायत. मी कुटं न्हाई म्हनते? अंगटा दिलाय मी." त्यांनी वाटी खाली ठेवली. "पन लालसाबभाई, त्येचं डोकं दोन दिस कोरडं ऱ्हायलं हुतं."

मग त्यांनी सांगितलं. हिंदुरावच्या मुलीचं बारसं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या धुळाला सोडून नातेपुत्याला गेल्या, दोन दिवसांसाठी. त्याचं खाणंपिणं गोजरबाई बघणार होती. तेलाचं तेवढं सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बसल्या जागी तो गेला.

"मी यस्टीतनं उतरून यीस्तवर समदं आवरलं हुतं. गल्लीतल्या गड्यांनी त्येला आंगुळ घातली, तिरडीवर बांधला. मला नुसतं त्वांड दावलं. सव्वीस वर्सं मी न्हाऊ घातलं, आन शेवटची आंगुळ परक्या हातानं. केसं बी नीट भिजली न्हवती, मी हात लावून बघितलं की."

लालसाब तिथेच उंबऱ्यावर बसला. त्याची बायको नूरबी गेली तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकांनी तिच्या शेवटच्या अंघोळीसाठी अंगणात पडदा लावला होता. तीस वर्षांचा संसार झालेला नवरा पडद्याच्या बाहेर उभा राहून आतल्या तांब्याचा आवाज ऐकत होता. पाणी गार आहे की कोमट, एवढं त्याला विचारायचं होतं. नूरबीला गार पाणी सोसत नसे. पण विचारायची लाज वाटली, आणि नऊ वर्षं झाली तरी तो प्रश्न काही त्याला सोडत नव्हता.

"आक्का, एक सांगू?" तो म्हणाला. "तेलावर चुना धरत न्हाय. कुनाच्या बापाला जमायचं न्हाय ते. तेल आदी धुवावं लागतं, ऊन पान्यानं, शिककाई लावून. मी पुसलं तर वरवर पुसलं जाईल. ज्यानं लावलं त्येच्याच हातानं ते निगतं."

ही शेवटची गोष्ट त्याने तिथल्या तिथे रचली होती. चाळीस वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाला थाप मारायची त्याची ही पहिलीच वेळ नव्हती, पण ही थाप मारताना तो मुक्ताबाईंकडे न बघता भिंतीकडे बघत होता.

मुक्ताबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना थाप कळली असावी. म्हाताऱ्या माणसांना सगळं कळतं.

"उद्या सकाळी पानी तापवते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सात वाजता लालसाब आला, तेव्हा चुलीवर हंडा होता आणि शिकेकाईचा वास अंगणापर्यंत पोचला होता. त्याने काही न बोलता चुना कालवून बाहेर ठेवला आणि दार ओढून घेतलं. मग दाराकडे पाठ करून पायरीवर बसला. एका तासाचं काम. भिंत धुवायची, मग तिच्यावर दोन हात मारायचे. महिपती दहाला येणार होता.

महिपती आठलाच आला. बायकोला नंतर दवाखान्यात न्यायचं होतं म्हणे. बायको, सोजरबाई, पोटुशी होती, चालून तिला धाप लागली होती. पुढे रुद्रप्पा सायकल हातात धरून, दुरूनच हातवारे करत.

"चला, चला, दाखवतो! लालसाब, सर की बाजूला."

लालसाब उठला, पण सरला नाही. आतून तांब्या हंड्यावर आपटल्याचा आवाज आला. मग पाणी सांडल्याचा. आणि मग मुक्ताबाईंचा आवाज, रोजच्या कामातल्या बाईचा असतो तसा, थोडा करडा, थोडा घाईचा:

"डोळं मीट रं. शिककाई जाईल की डोळ्यात."

रुद्रप्पाचा चेहरा उतरला. त्याने महिपतीकडे पाहिलं, महिपतीने लालसाबकडे.

"आत कोन हाय?" महिपतीने विचारलं.

"जरा थांबा, मालक," लालसाब म्हणाला. "आंगुळ चाललीया."

"कुनाची?"

"लेकाची."

रुद्रप्पाने कपाळाला हात लावला. महिपतीच्या चेहऱ्यावर आधी संशय आला. गल्लीतलं बोलणं त्याच्याही कानांवर गेलं असणार. आत तांब्यामागून तांब्या ओतला जात होता, अगदी सावकाश, आणि मधे मधे "झालं, झालं" असं कुणाला तरी समजावणं चाललं होतं. सोजरबाईने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा लालसाबच्या तोंडाकडे. तिला काय कळलं ते तिलाच माहीत. तिने डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि नवऱ्याच्या बाहीला हलकेच धरलं.

"हू द्या त्येंचं," ती म्हणाली. "आपल्याला कसली घाई हाय?"

महिपतीने पायातल्या वहाणा काढल्या. मग कुणाच्या घरी अंघोळ चालली असली म्हणजे भला माणूस करतो तसं त्याने दाराकडे पाठ केली, आणि चौघंही गल्लीकडे तोंड करून उभे राहिले.