आकाश पाहिलेला दगड

बाईंच्या घरी बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक दगड ठेवलेला असायचा. शाळकरी पोराच्या डोक्याएवढा, काळाभोर, आणि अंगात हिरव्या काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक. लेक पोटात होती तेव्हा नवऱ्याने ज्वालामुखीच्या दरीतून तो आणला होता. लोक बायकोला दागिने आणतात, आमच्याकडे धोंडे येतात, असं बाई आल्यागेल्याला सांगायच्या. सांगताना चेहरा असा फुलायचा, की ऐकणाऱ्याला दागिन्यांची कीव यावी.

फुलणारच हो. त्याच दगडाच्या भावंडांवर बाईंचं सगळं नाव उभं होतं.

बाईंचं काम म्हणजे लाव्हारसाच्या दगडातून पृथ्वीच्या पोटातलं ओळखायचं. पोटात उतरून कुणी पाहिलेलं नाही आणि कुणी पाहणारही नाही. तिथून वर येतो तो लाव्हा, तेवढाच निरोप. त्यातल्या हिरव्या स्फटिकांत किंचितसा हेलियम वायू अडकलेला असतो. हेलियम दोन तऱ्हेचा, हलका आणि जड. जड हेलियम जमिनीत रोज नव्याने तयार होत राहतो. हलका मात्र पृथ्वीच्या जन्माच्या वेळचा. वरच्या थरांतून तो केव्हाच उडून गेलाय. तेव्हा एखाद्या दगडात हलका हेलियम भरपूर निघाला, तर तो लाव्हा फार खोलवरून, जन्मापासून कुणी हात न लावलेल्या भागातून आलाय असं समजायचं.

यात एक मेख आहे. दगड उघड्यावर हजारो वर्षं पडून राहिला, की अवकाशातून येणारे किरण त्याला झोडपतात आणि स्फटिकात तसाच हलका हेलियम तयार करतात. म्हणजे वर नुसतं ऊन खात बसलेला दगडही पाताळातून आल्याच्या थापा मारू शकतो. म्हणून या धंद्याचा पहिला नियम असा, की आकाश पाहिलेला दगड घ्यायचा नाही. दरीच्या तळाशी उतरायचं, वर डोंगराएवढा खडक असेल तिथला तुकडा फोडून आणायचा.

त्या वर्षी डॉक्टरांनी बाईंना प्रवास बंद केला होता. नवराही भूशास्त्रज्ञच, नकाशे करणारा. मी जातो, तू पाय वर करून बस, म्हणाला आणि गेला. तिथून फोन केला, उतरलो, आणले. दोरीला लटकलेला त्याचा फोटोही आला, वरून कुणीतरी काढलेला. आणि त्या दगडांनी हलक्या हेलियमचा असा काही आकडा दिला की एवढं मोठं पोट घेऊन बाई प्रयोगशाळेत नाचायच्याच बाकी होत्या.

सावध माणूस आधी स्फटिक नुसते ठेचतो. ठेचल्यावर खोलवरून आलेला, आत अडकलेला वायू तेवढा सुटतो. किरणांनी केलेला कणाच्या अंगातच मुरून राहतो, तो वितळवल्याशिवाय निघत नाही. पण स्फटिक थोडे होते, वायू त्याहून थोडा. बाईंनी सरळ वितळवून टाकले. दगड दरीच्या तळाचे, मग भीती कसली?

पुढे प्रत्येक व्याख्यानात बाई आधी तो दोरीवरचा फोटो दाखवायच्या आणि मग आकडा. टाळ्या दोन्हींना पडायच्या.

गेल्या वर्षी एका तरुण संशोधक मुलीने त्याच दरीतले दुसरे दगड तपासले. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिचा आकडा आला अगदी साधा, चारचौघांसारखा. भरल्या सभागृहात उभी राहून तिने अदबीने विचारलं, मॅडम, तुम्ही स्फटिक वेगळे ठेचून पाहिले होते का? बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझ्या नवऱ्याने जीव टांगणीला लावून आणलेले दगड आहेत ते. तू कुठून उचललेस, रस्त्याच्या कडेचे?"

सभागृह खो खो हसलं. चष्मेवाली चष्मा पुसत खाली बसली. पुढे तिची शिष्यवृत्ती वाढवायची का, यावर बाईंचंच मत मागवलं गेलं, आणि बाईंनी ते स्वच्छ शब्दांत दिलं. ती मुलगी आता कुठल्याशा शाळेत विज्ञान शिकवते. सभागृहात त्या दिवशी नवरा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

परवा सुट्टीच्या दिवशी घराची झाडलोट चालली होती. लेकीने दगड ओढला तशी त्याच्या बुडाला चिकटवलेली जाड लोकरी नमद्याची चकती सुटून आली. फरशीला चरे नकोत म्हणून नवऱ्यानेच ती लावली होती. तिच्याखाली नारिंगी, करडे, नायट्यासारखे गोल डाग होते. दगडफूल. असलं नारिंगी दगडफूल उघड्या उन्हावाऱ्यात वाढतं, दरीच्या तळाशी खडकाखाली नाही. बाई चकती हातात धरून तशाच उकिडव्या बसून राहिल्या. लेकीने विचारलं, आई, मी काही तोडलं का? नाही गं, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दगड पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेला, फोडला, हिरवे स्फटिक स्वतः वेचले. या वेळी आधी ठेचले. आकडा आला साधा, थेट चष्मेवालीचा. मग तीच पूड वितळवली, आणि हलका हेलियम भसाभसा बाहेर पडला. यंत्र ठीक आहे ना, असं त्यांनी मदतनिसाला दोनदा विचारलं. ठीक होतं. पाताळाचा निरोप म्हणून त्या इतकी वर्षं मिरवत होत्या, ती नुसत्या आकाशातल्या किरणांची करामत होती.

संध्याकाळी त्यांनी फुटक्या दगडाचा तुकडा जेवणाच्या टेबलावर ठेवला. नवऱ्याने डाग पाहिले आणि हातातलं पाणी न पिता खाली ठेवलं. नाकारलं मात्र नाही. पुरुषभर उतरलो आणि हातपाय गळाले, म्हणाला. पोर होणार होतं, खाली पाहवेना. वर आलो, कड्यावरचेच फोडले, वरची साल काढली. तुझ्यासाठी एक अख्खा ठेवला.

"भीती वाटली, हे त्याच दिवशी फोनवर सांगितलं असतंस, तर मी म्हटलं असतं, मसणात गेले दगड, तू घरी ये," बाई म्हणाल्या. "ती पोरगी उभी राहिली तेव्हा तुला माहीत होतं ती बरोबर आहे. मी तिची सालटी काढली आणि तू टाळ्या वाजवल्यास."

तो समजुतीच्या सुरात बोलू लागला. अजून काही बिघडलेलं नाही. प्रयोगशाळेच्या भांडारात दगडांची अदलाबदल झाली असं कळवता येईल. भांडार सांभाळणारा तर निवृत्त होऊन गेलाय, त्याला कोण विचारायला जातंय.

बाई त्याच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. भीतीचं त्या एक वेळ पोटात घालायला निघाल्या होत्या. हा मनुष्य आपल्याला इतकी वर्षं दोरीवर दिसत होता, या विचाराने त्यांना शिसारी आली.

त्यांनी त्याच्यासमोरच चष्मेवालीला फोन लावला. नमस्कार-चमत्कार केले नाहीत. तुझा प्रश्न बरोबर होता, माझे दगड वरचे होते, मी सगळं मागे घेतेय, आणि तुझ्याबद्दल मी जे लिहून दिलं तेही, असं एका दमात सांगून टाकलं. पलीकडे शाळेत स्नेहसंमेलनाच्या तालमीचा गलका ऐकू येत होता, मग एक दार लागलं.

"मॅडम, दगड कुणी आणले होते?"

नवऱ्याने मान हलवून नको, नको अशी खूण केली.

"माझ्या नवऱ्याने," बाई म्हणाल्या. "तो खाली उतरलाच नव्हता. मला हे आज कळलं. त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

चष्मेवालीला हसायचा, रागवायचा, फोन आदळायचाही हक्क होता. बाई त्याचीच वाट पाहत होत्या.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही ठीक आहात ना?"

दिवसभरात हे कुणी विचारलं नव्हतं. टेबलापलीकडे बसलेल्यानेही नाही. तेव्हा मात्र बाईंना रडू आवरलं नाही.