दारू जास्त झाली

माझा सांगलीचा मित्र चारुदत्त महिनाभरासाठी दुबईला लेकीकडे आला, आणि पहिल्याच शनिवारी मी त्याला माझ्या नातीचा नेम बघायला शूटिंग क्लबात नेलं. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतल्या आमच्या घरात त्याच्यासमोर तासभर बसायची मला धास्ती होती. क्लबात निदान बंदुकीच्या बारांच्या आवाजात बोलणं होत नाही.

नात इरा, वय पंधरा, मातीच्या तबकड्या उडवते. म्हणजे उडवतं यंत्र, ही फोडते. मागे एकदा जेवताना मी म्हणालो, "सांगलीला आम्ही काडतुसं घरीच भरायचो," तर माझ्या मुलाचा, निनादचा, घास तोंडातच राहिला. "बाबा, हे लिफ्टमध्ये कुणाला सांगू नका, प्लीज. इथे असलं काही घरी केलं तर खलास. व्हिसा, नोकरी, सगळं." एवढं बोलून त्याने उठून बाल्कनीचं दार लावलं.

खरं तर "आम्ही" हा शब्द जरा सैल होता. बंदूक चारूची, परवाना चारूचा, दारू मोजून भरायची तीही चारूनंच. माझ्या वाट्याला फक्त काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. वय पंचवीस, नोकरी नाही, म्हणून मित्राच्या ओसरीवर बसून मी पितळ घासत होतो.

त्या दिवशी क्लबात इराची पाळी यायला वेळ होता. तिचा कोच मोहिद्दीन शेजारच्या रायफलवाल्यांकडून पितळी पुंगळ्यांची बादली घेऊन आला. "अंकल, ये देखिए. सिर्फ देखने का, घर लेके नहीं जाने का."

आता प्रेक्षक मिळाल्यावर मी गप्प बसतो होय?

"आधी बुडातली ठिणगीची जुनी टोपी ठोकून काढायची," मी इराला म्हणालो. "मग चिंचेच्या पाण्यात घालायच्या. मग घासून, धुवून, उन्हात पालथ्या."

"वेट, चिंच? लाइक, आमटीतली चिंच?"

"तीच. तुझी आजी देवाची भांडी कशानं घासायची? वाळल्या की एकेक उचलून टिचकी मारायची. हे बघ." टण्ण. "ही धडधाकट. तडा गेलेली बद्द वाजते. ती फेकून द्यायची. तीत दारू भरायची नाही."

"दॅट्स सो कूल, आजोबा." मग ती चारूकडे वळली. "चारूआजोबा, तुम्ही का सोडलं?"

चारूनं उजव्या डोळ्याखालच्या डागावर बोट ठेवलं. "दारू जास्त झाली गं."

"ओह." इरा घुटमळली. "यू वेअर ड्रंक?"

मराठी न येणाऱ्या मोहिद्दीनला "दारू" आणि "ड्रंक" एवढं कळलं. तो सभ्यपणे बादलीत बघू लागला. चारू आयुष्यात सोड्याच्या पुढे गेलेला नाही.

"बंदुकीची दारू, बाळ. गनपावडर. माझं माप चुकलं, काडतूस मागं फुटलं." चारू हसला. "पण सगळे तुझ्यासारखंच समजले. तुझ्या आजोबांचं वाक्य ते. फार गाजलं होतं."

हसला, हे वाईट झालं. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

वाक्य माझंच. बेचाळीस वर्षांपूर्वी चारूला दवाखान्यात नेलं आणि सांगलीच्या क्लबचे सेक्रेटरी मला विचारू लागले, "झालं काय नेमकं?" मी म्हणालो, "काही नाही, दारू जास्त झाली." सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत सांगलीभर झालं, की पिऊन बंदूक चालवली. राज्याच्या संघातून त्याचं नाव गेलं. त्याचं लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बायकोच्या, कुंदावहिनींच्या, माहेरची माणसं थोरल्या भावासकट येऊन त्याला समज देऊन गेली.

ही माझी थट्टा चारूला माहीत होती, आणि ती त्यानं कधीच माफ केली होती. माहीत नव्हती ती दुसरी गोष्ट.

"चारू," मी म्हणालो, "माप चुकलं नव्हतं."

"तुला काय माहीत? मी मोजत होतो."

"एक पुंगळी बद्द वाजली होती. मला मॅटिनीला जायचं होतं. बदली पुंगळी पुन्हा घासायला नको, म्हणून मी ती चांगल्यांत टाकली."

पलीकडे दोन बार झाले. चारू ते संपेपर्यंत थांबला.

"तडा कुठं होता? तोंडाशी की बुडाशी?"

"बुडाशी."

"बुडाशी," तो म्हणाला. "वाश्या, मी मीठसुद्धा दोनदा मोजून घालतो, माहीत आहे तुला? पोरीला तापाचं औषध कधी स्वतःच्या हातानं दिलं नाही मी. म्हटलं, आपल्या हाताचा भरवसा नाही."

यावर सुचलेलं एक उत्तर बरं होतं. मी ते गिळलं. इरा माझ्याकडे बघत नव्हती. ती हातातल्या पुंगळीकडे बघत होती.

"माफी माग म्हणत नाही मी," चारू म्हणाला आणि खिशातून फोन काढला. "कुंदाला सांग. ती सांगलीला आहे. अजून मी बाहेरून आलो की कपाट लावायच्या निमित्तानं जवळ येते आणि वास घेते. तिला वाटतं, मला कळत नाही."

"चारू, फोनवर कसं..."

"आणि विनोद करू नकोस."

त्यानं स्पीकर लावला. कुंदावहिनी म्हणाल्या, "बोला भावजी, काय म्हणते दुबई?" मी सांगितलं. बद्द वाजलेली पुंगळी, मॅटिनी, सेक्रेटरी, सगळं. एकही शब्द वाकडा न करता मी सलग इतका वेळ आयुष्यात बोललो नव्हतो.

मला वाटलं, लाइन तुटली.

"भावजी," त्या अखेर म्हणाल्या, "जरा थांबा. माझी वहिनी आणि थोरले भाऊ बाहेर बसलेत. त्यांना आत बोलावते. मग पहिल्यापासून सांगा. आणि मोठ्यानं, भाऊंना कमी ऐकू येतं."

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मोहिद्दीननं बादली उचलली आणि तो लांब जाऊन उभा राहिला. इरा हलली नाही.

"हं, बोला," वहिनी म्हणाल्या.

"त्या दिवशी चारू प्यायला नव्हता," मी ओरडून सुरुवात केली.