दादाच्या जागी
"पण मरायचंच कशाला?" कंपाउंडर म्हणाला. "देवच तो. जा, माफ केलं म्हणाला असता, तर कोण अडवणार होतं त्याला?"

बुधवारच्या बायबलवर्गात नव्या पाळकांनी प्रश्न टाकला होता. ख्रिस्ताच्या मरणाचा अर्थ ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत सांगायचा. झालं, सगळ्यांना कंठ फुटला. शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, सैतानानं माणसाला ओलीस धरलं होतं, त्याच्या सुटकेसाठी देवानं खंडणी म्हणून आपला पोरगा दिला. कंपाउंडरला हे साफ नामंजूर. सैतानाला कसली खंडणी द्यायची, प्रेम कुठवर करावं हे माणसाला दाखवायला तो मेला, बस्स. पाळक दोघांनाही मान डोलावत होते. नवीन होते बिचारे.

मग दादा उठला. दादा म्हणजे मंडळीतलं वजनदार माणूस, पिकले केस, खर्जातला आवाज. "गुन्हा झाला की शिक्षा व्हायलाच हवी," तो म्हणाला. "ती कुणीतरी भोगलीच पाहिजे. माझ्या जागी एका निर्दोषानं भोगली, म्हणून आज मी मोकळा आहे." इथं त्याचा गळा दाटून आला. दर वेळी इथंच दाटायचा.

मागच्या भिंतीशी धाकटा पेल्यांत पाणी ओतत होता. धाकटा हा दादाचा सख्खा भाऊ. प्रार्थनागृहात खुर्च्या मांडायच्या, पाणी द्यायचं, पेले विसळायचे, हे त्याचं काम. त्याला अर्थ कुणी विचारला नाही. तुरुंगात जाऊन आलेल्याला धर्मातलं काय विचारायचं?

बावीस वर्षांपूर्वी दादा शाळेची व्हॅन चालवायचा. एका दुपारी प्यायलेल्या दादानं ती वळणावरच्या झाडावर घातली. आत एकच मुलगी घरी सोडायची उरली होती, आठ वर्षांची. दादा घरी पळत आला. आईनं धाकट्याचे पाय धरले. त्याला दोन लेकरं आहेत रे, तुझ्यामागे कोण आहे? ठरलेलं लग्न होतं धाकट्याच्या मागे, पण ते आईनं धरलं नाही. वर आपल्या गळ्याची शपथ घातली. धाकट्यानं पोलिसांना सांगितलं, व्हॅन मी चालवत होतो. पाच वर्षं आत काढून आला, तोवर त्याच्याशी ठरलेल्या मुलीचं दुसरीकडे लग्न होऊन गेलं होतं.

व्हॅनमध्ये मेलेल्या मुलीची आई, सगळे तिला बाई म्हणत, तिसऱ्या रांगेत बसायची. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन यायची. धाकट्याच्या हातचं पाणी तिनं कधी घेतलं नाही.

गेल्या महिन्यात धाकट्याची आई वारली आणि शपथ सुटली. बाईंना आता खरं सांगून टाकायचं, असं धाकट्यानं ठरवलं होतं. त्याला दादाला अडकवायचं नव्हतं. बाईंनी एकदा, फक्त एकदा आपल्या हातचं पाणी प्यावं, एवढीच त्याची हाव होती.

त्या बुधवारी दादाचं बोलून झालं तशा बाई आपणहूनच उठल्या. "मला ते अर्थबिर्थ कळत नाहीत," त्या म्हणाल्या आणि मागे वळल्या. "ह्याला एकच विचारायचंय. शेवटी ती काही बोलली का रे?"

व्हॅनचा वेग, ब्रेक, वळण, सगळं धाकट्यानं कोर्टासाठी तोंडपाठ केलं होतं. हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं दादाकडे पाहिलं. दादा बायबलची पानं उलटत होता.

"मला माहीत नाही, बाई."

"एवढंही लक्षात ठेवलं नाहीस," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सगळे गेल्यावर धाकट्यानं दार लावलं आणि दादापुढे उभा राहिला. काय बोलली ती? दादा वैतागला. जुनं कशाला उकरतोस, भोगून झालं ना सगळं, म्हणाला. धाकटा हलेना.

"पाणी मागत होती," दादा शेवटी म्हणाला. "बराच वेळ. मी घाबरलो. घरी पळालो."

घर दोन मैलांवर होतं. वाटेत दवाखाना लागायचा.

सकाळी धाकटा बाईंच्या दारात गेला. खरं सांगायलाच गेला होता. पण दार उघडलं, ते थकलेलं तोंड समोर आलं, आणि तो उंबऱ्याबाहेरच थांबला. मी नव्हतो म्हटलं, तर कोण होतं ते सांगावं लागणार. मग बाई दादाला विचारणार, आणि पाणी मागणारी पोर जन्मभर त्यांच्या उशाशी येऊन बसणार. ह्यापेक्षा तुरुंग बरा.

"लगेच गेली, बाई," तो म्हणाला. "त्रास नाही झाला. काही बोललीच नाही."

बाई एक पाऊल पुढे आल्या. "म्हणजे तुला माहीत होतं. बावीस वर्षं मला झोप नाही, आणि तुला माहीत होतं."

त्यांनी दार लावून घेतलं.

पुढच्या बुधवारी बाई आल्या, पण तिसऱ्या रांगेत बसल्या नाहीत. त्या पार पुढे जाऊन दादाशेजारी बसल्या, धाकट्यापासून होईल तितक्या लांब. बाटली त्या घरी विसरल्या होत्या. प्रार्थनेत त्यांना ठसका लागला, तसा दादानं आपल्यासमोरचा पेला उचलून त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. बाईंनी पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि भरल्या डोळ्यांनी दादाला हात जोडले.

रिकामा पेला विसळायला धाकट्याकडे आला.