खोडलेलं 'नाही'

शाळेच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईंना अर्धवट भरलेला फॉर्म अजिबात खपत नसे. एक जरी रकाना चुकला, तरी त्या पालकांना दारातूनच परत पाठवत. मागून लोक त्यांना 'रकानाबाई' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊकही होतं. याच रकानाबाईंनी लेकीच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा फॉर्म भरला, तेव्हा 'जन्मजात हृदयविकार आहे का?' यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही'.

ते धडधडीत खोटं होतं. लेकीच्या हृदयाला जन्मापासून बारीक छिद्र होतं. घाबरू नका, पण तपासत राहा, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी चार-पाच वर्षांत तपासणी बंद केली, फाइल माळ्यावर टाकली आणि लेकीला सांगून टाकलं की छिद्र बुजलं. मुलीला असलं काही आहे हे कळलं की स्थळ येत नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. पुढे लेक घड्याळं दुरुस्त करायला शिकली, चांगल्या घरी पडली. मग आता कशाला उकरायचं?

दुपारी लेक खाटेवर पेंगत होती. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. बाजूला विहीणबाई संत्रं सोलत बसल्या होत्या. शेजारच्या खाटेपाशी सिस्टर सलाइनच्या नळीला टिचक्या मारून एकेक बुडबुडा बाहेर काढत होती. बाईंनी सहज विचारलं, एवढ्याशा बुडबुड्याने काय होतंय?

"बहुतेकांना काही होत नाही, फुप्फुसात विरून जातो," सिस्टर म्हणाली. "पण हृदयाला छिद्र असेल, तर बुडबुडा काय किंवा रक्ताची गुठळी काय, थेट मेंदूकडे जाऊ शकते. मग पक्षाघात. हात जातो, वाचा जाते. दरवेळी होतं असं नाही, पण धोका असतोच. आधी कळलं तर डॉक्टर तपासून घेतात, नळीला गाळणी लावतात. कळलंच नाही, तर काळजी कशाची घेणार?"

बाईंची नजर लेकीच्या हाताकडे गेली. तांदळाच्या कणीहून लहान स्क्रू चिमट्याने उचलणारा हात! एका शब्दासाठी आपण हा हात पणाला लावला, हे त्यांना लख्ख दिसलं.

त्या उठल्या, पण दोन पावलांवर थांबल्या. सांगायचं तर विहीणबाईंच्या देखत. मग त्या तशाच उभ्यानं बोलल्या, सगळं बोलल्या.

विहीणबाईंच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. "आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नकार दिला असता."

विहीणबाईंनी संत्रं बाजूला ठेवलं. "दिला असता," त्या म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? चूक तुमची एकटीची नाही. आमच्यासारख्यांच्या धाकानेच तुम्ही लपवलंत. पण आता ती माझ्या घरची आहे. चला, मीही येते."

सिस्टरच्या टेबलापाशी बाईंनी फॉर्म परत मागितला. 'नाही'वर एकच सरळ रेघ मारली, वर 'आहे' लिहिलं आणि बाजूला सही केली, अगदी पालकांना करायला लावत तशी. ऑपरेशन तीन दिवस पुढे गेलं. हृदयाचे डॉक्टर आले. छिद्र अजून होतं, पण लहान होतं. लेक आईवर दोन दिवस फुगून बसली, आणि तिचं चुकलं असं कोण म्हणेल? मग गाळणी लावून, सगळी खबरदारी घेऊन ऑपरेशन सुखरूप पार पडलं.

घरी निघताना लेकीने आईचं मागे पडलेलं घड्याळ काढून घेतलं, किल्ली फिरवली, वेळ लावली आणि परत मनगटावर बांधून दिलं. बोटं जराही थरथरली नाहीत. रकानाबाई मात्र रडल्या.

वाचकहो, आपल्यापैकी किती घरांच्या माळ्यावर अशी फाइल पडली असेल? जन्मजात आजार हा कुणाचा दोष नाही. तो डॉक्टरांना सांगा, आणि सून-जावई शोधताना तो ऐकून घ्यायलाही शिका. आपण ऐकून घेतलं, तरच कुणी आई खरं लिहील.