मागच्या दाराचा कोयंडा

"पुढच्या दाराला लोखंडी पत्रा, वर चार कॅमेरे. मग बघू कोण येतो ते," गोपीनाथ म्हणाले.

सुतारकामाला आलेला हाल्या ऐकत होता. तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उकिडवा बसला होता. तीन महिन्यांपूर्वी चोर याच दाराने आत शिरले होते. तेव्हापासून गोपीनाथांनी त्यावर आडवी फळी ठोकून ते बंदच करून टाकलं होतं. हाल्याने ती फळी काढली आणि चौकटीवरून अंगठा फिरवला.

"साहेब, हितला कोयंडा कुठाय?"

गोपीनाथांनी कपाटावरचा बिस्किटांचा डबा आणला. डहाणू रोड स्टेशनवर तीस वर्षं तिकीट खिडकीत बसलेल्या या माणसाला काही टाकून द्यायची सवयच नव्हती. कोयंडा डब्यात होता, त्याचे दोन्ही स्क्रूही होते.

हाल्याने स्क्रू तळहातावर घेतले. जेमतेम अर्ध्या इंचाचे.

हे दार आठ वर्षांपूर्वी त्यानेच बसवलं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी तलासरीला घरी त्याच्या मुलीची, जिवलीची हळद होती. लांब स्क्रू संपले होते आणि जवळच्या मसोलीतलं हार्डवेअरचं दुकान दुपारचं बंद होतं. पिशवीच्या तळाशी होते ते स्क्रू मारून तो निघाला होता. पुढच्या आठवड्यात येऊन बदलू, असं त्याने ठरवलं होतं. तो आठवडा कधी आलाच नाही.

"चहा घ्या," मनोरमाबाईंनी कप पुढे केला. "आणि यांना एकदा कडी कशी लावतात ते शिकवा. बोर्डीच्या लग्नाला निघताना मी दोनदा विचारलं, मागची कडी लावली ना? हो हो म्हणाले. माझ्या आईच्या पाटल्या गेल्या."

गोपीनाथ खिडकीबाहेर बघत राहिले. "हवालदारही तेच म्हणाला. दार धड, चौकट धड. कडी अर्धवटच लागलेली असणार. आता मलाही वाटतं, घाईत राहिली असेल."

"त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून कुठे गेलो नाही," मनोरमाबाई म्हणाल्या. "एक बाहेर, तर एक घरात. देवळातसुद्धा पाळीपाळीने."

हाल्याच्या हातातला चहा निवत चालला. चोर सराईत होते, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कोणी त्याला विचारलंही नव्हतं. डहाणूपासून बोर्डीपर्यंत लोक त्याला दारांसाठी बोलवायचे, ते त्याच्या हातावरच्या भरवशावर. त्याने कप खाली ठेवला.

"वैनी, कडी पुरी लागलेली होती."

दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं.

"अर्धवट असती तर कडी सुटली असती, कोयंडा जागेवर राहिला असता. कडी पार आत होती, म्हणून तर कोयंडाच उपटून आला. एका लाथेत." त्याने तळहात पुढे केला. "हे स्क्रू मी मारले. पोरीच्या हळदीची घाई होती. दार असं धरत नाय, ते मला ठावं होतं. साहेबांची चूक नाय. माझी हाय."

गोपीनाथांनी त्यातला एक स्क्रू उचलून बघितला. मग ते कसेबसे म्हणाले, "मी लावली होती गं."

मनोरमाबाईंचा चेहरा आधी हाल्याकडे बघून कठोर झाला. ओठांवर काहीतरी आलंही होतं. पण नवऱ्याकडे बघताच ते तिथेच राहिलं. त्या गोपीनाथांच्या शेजारी जाऊन बसल्या. "तीन महिने," एवढंच म्हणाल्या.

हाल्या हत्यारांची पिशवी ओढून कामाला लागला. पटाशीने चौकटीत खाच पाडली, तीत जाड लोखंडी पट्टी बसवली आणि तीन इंची स्क्रू चौकटीतून थेट भिंतीत जातील असे आवळले. दोन्ही बाजूंना भक्कम आकडे ठोकून आतून सागवानी अडसर टाकला.

"आता पुढच्या दाराचा पत्रा?" गोपीनाथांनी विचारलं.

"पुढचं दार रस्त्यावर हाय, तिथं लोकांची नजर असते. चोर मागून येतो. आधी हे दार. मग मोरीची खिडकी, तिला गज नाय. ती नारळ काढायची शिडी भिंतीला उभी ठेवलीय, ती आत घ्या, नायतर माडीवर चढायला आयती मिळंल. आनि बाहेर निघाल तवा शेजारच्या नीलमताईंना सांगून जा. संध्याकाळचा दिवा त्या लावतील."

"आणि कॅमेरे?"

"लावा की, पन सगळ्यात शेवटी. कॅमेरा चोराचा फोटो काढील. दार नाय धरनार."

मनोरमाबाई उठून पुढच्या दाराने बाहेर पडल्या, मागे गेल्या आणि त्यांनी दार ढकललं. मग खांदा लावून ढकललं. दार हललं नाही. "अहो, तुम्ही या," त्यांनी हाक मारली. दोघांनी मिळून जोर लावला. आत बसलेल्या हाल्याला त्यांचं हसू ऐकू आलं आणि मग मनोरमाबाईंचा आवाज, "रविवारी बोर्डीला जाऊ या का? समुद्रावर. दोघंही."

हाल्याने मजुरीला हात लावला नाही. तो निघताना मनोरमाबाई म्हणाल्या, "राग आला होता तुमचा. अजून थोडा आहे. पण खिडकीच्या गजांना तुम्हीच या."

आठ वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात त्याने आणखी दोन घरांची दारं केली होती. तेव्हाही पिशवीत तेच आखूड स्क्रू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चिखल्याला एसटीतून उतरला. त्या दोनांपैकी एका घरची निर्मला अंगण झाडत होती.

"हाल्याभाऊ? आम्ही कुठे बोलावलं होतं? सगळं ठीक आहे आमचं."

"ठीक हाय तवरच आलो. मागचं दार बघू दे."

तिने दाराशी ठेवलेली पाण्याची कळशी बाजूला सरकवली. हाल्या गुडघ्यांवर बसला. कोयंड्याचा पहिला स्क्रू दोन फेऱ्यांतच हातात आला. त्याने तो शर्टाच्या खिशात टाकला आणि दुसऱ्याला हात घातला.